१२,७३९ पाहुण्या

१९२७ च्या जानेवारीत अमेरिकेहून जपानच्या योकोहामा बंदरात पाहुण्या उतरू लागल्या. सगळ्या मिळून १२,७३९. प्रत्येकीला नाव, पासपोर्ट आणि प्रवासाचं तिकीट. पासपोर्ट एक सेंटचा, तिकीट ९९ सेंटचं. सोबत अमेरिकी मुलांची पत्रं. या पाहुण्या म्हणजे जेमतेम चाळीस सेंटिमीटरच्या बाहुल्या. आडवं केलं की कित्येकींच्या पोटातून 'ममा' असा आवाज यायचा.

त्या एकीपुढे एक निजवल्या, तर मुंबईचा मरीन ड्राइव्ह संपूनही रांग उरेल. एकेक नाव पुकारायला दहा सेकंद धरली, तर हजेरीलाच पस्तीस तासांहून अधिक वेळ लागेल!

कल्पना सिडनी गुलिक यांची. हे मिशनरी वीसहून अधिक वर्षं जपानमध्ये राहिले होते. १९२४ च्या कायद्याने अमेरिकेने जपानी माणसांना दार लावून घेतलं, तेव्हा त्यांनी मैत्रीची सुरुवात लहानग्यांपासून करायचं ठरवलं. जपानच्या बाजूने ऐंशी ओलांडलेले उद्योगपती शिबुसावा एइइची पुढे झाले. ३ मार्चला, हिनामात्सुरी या मुलींच्या सणाला, टोकियोत थाटात स्वागत झालं आणि बाहुल्या देशभरच्या शाळांत, बालवाड्यांत गेल्या.

परतफेडीचा हिशेब मला त्याहून थक्क करतो. सुमारे २६ लाख जपानी मुलींनी एकेक सेन दिला. सेन म्हणजे येनचा शंभरावा भाग. त्या चिल्लरीतून ५८ बाहुल्या घडल्या: ८१ सेंटिमीटर उंच, रेशमी किमोनो ल्यालेल्या, चहाची भांडी आणि चिमुकलं सामानसुमान घेऊन निघालेल्या. म्हणजे एकेका बाहुलीमागे जवळपास ४५ हजार मुली.

मग युद्ध आलं. १९४३ च्या सुमारास जपानमधल्या अमेरिकी बाहुल्या 'शत्रूच्या बाहुल्या' म्हणून जाळल्या, बांबूच्या भाल्यांनी भोसकल्या. ज्या शाळांनी त्यांना वाजतगाजत घरात घेतलं, त्यांच्याच आवारात. तरीही काही शिक्षकांनी जीव धोक्यात घालून त्या दडवल्या. आज सव्वातीनशेच्या आसपास उरल्या आहेत, म्हणजे चाळिसांत एखादी. तेवढ्या वाचल्या त्या कुणा सरकारच्या कृपेने नव्हे, त्या शिक्षकांच्या हिमतीने.

गुलिक यांचे नातू, तेही सिडनी गुलिकच, १९८० च्या दशकापासून जपानी शाळांना पुन्हा नव्या बाहुल्या पाठवू लागले.