सीट गार, बोल्ट गरम

भाताची काढणी उरकली की भोर-वेल्ह्याच्या पट्ट्यात पहाटेचा गारठा अंगात शिरतो. अशाच एका डिसेंबरच्या सकाळी पुणे-सातारा महामार्गालगत, शिवरे गावाजवळच्या एका छोट्या गॅरेजात मी मामांबरोबर उभा होतो. मामांनी थंड देशांच्या हिशेबाने बांधलेली एक जुनी गाडी तिसऱ्या मालकाकडून घेतली होती. तिच्या पुढच्या दोन्ही सीटा बटण दाबलं की तापतात. मामींच्या कंबरेला त्या शेकाने फार बरं वाटायचं. पण पावसाळ्यानंतर मामींची सीट नुसती कोमट व्हायची, पाच मिनिटांत बटणावरचा दिवा लुकलुकायचा आणि सगळं बंद. शहरातल्या एका वर्कशॉपने निदान केलं होतं: आतलं हीटर-पॅड गेलं, सीटची गादीच बदलावी लागेल. कोणीही मीटर लावून पाहिला नव्हता.

इथल्या तरुण वायरमनने आधी बॅटरीची निगेटिव्ह केबल काढली आणि आम्हाला चहा प्यायला पाठवलं. ते थांबणं महत्त्वाचं होतं. सीटच्या बाजूला एअरबॅग असते, तिचा पिवळा कनेक्टर सीटखालीच असतो आणि बॅटरी काढल्यावरही एअरबॅगच्या यंत्रणेत काही मिनिटं वीज साठून राहते. त्या पिवळ्या कनेक्टरला मीटरची पिन कधीही लावायची नसते. मीटरच्या छोट्याशा विजेनेही एअरबॅग उडू शकते. हे माहीत असलेला माणूस भेटला की निम्मी काळजी मिटते.

मग त्याने सीटचे चार बोल्ट सैल केले आणि सीट मागे कलती केली.

सीटच्या आत जे असतं ते इस्त्रीचंच भावंड आहे. कापडाखाली, फोमच्या वर एक पातळ पॅड असतं. त्यात बारीक तारांची नागमोडी रांग शिवलेली असते, काही गाड्यांत तारेऐवजी कार्बनचे तंतू असतात. वीज त्यातून गेली की रोधामुळे उष्णता तयार होते. जेम्स जूल यांनी 1841 मध्ये मांडलेला नियम हाच: उष्णता विद्युतधारेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. आपल्या मुलांना तो दहावीला ‘विद्युतधारेचे परिणाम’ या धड्यात भेटतो. कॅडिलॅकने 1966 मध्ये हौशी गिऱ्हाइकांसाठी अशी सीट देऊ केली आणि स्वीडनच्या साबने 1972च्या मॉडेलपासून चालकाची गरम सीट गाडीबरोबरच द्यायला सुरुवात केली. आपल्याकडच्या नव्या गाड्यांत सीट गार ठेवणारे पंखे जास्त दिसतात, ते साहजिकच आहे. पण विजेवरच्या गाड्या वाढतील तशी गरम सीटही वाढेल. सगळ्या केबिनमधली हवा तापवायला काही किलोवॅट लागतात, तर माणसाची पाठ तापवायला शंभर वॅटच्या आतच भागतं. थंडीत गाडी एका चार्जवर किती पळते, ते अशा बचतीवरही ठरतं.

वायरमनने मीटर ओहमवर लावला आणि आधी दोन्ही पिना एकमेकींना टेकवल्या. आकडा आला 0.2. हा मीटरच्या स्वतःच्या वायरींचा रोध. मोठे रोध मोजताना तो कोणी धरत नाही, पण इथे मोजायचा रोधच दोन-अडीच ओहम असतो, म्हणून तो वजा करावा लागतो. हीटरच्या कनेक्टरवर 2.6 आलं. म्हणजे खरा रोध 2.4 ओहम. “काका, पॅड शाबूत आहे,” तो मामांना म्हणाला. तार तुटली असती तर मीटरने अनंत दाखवलं असतं, आणि आतल्या आत तारा एकमेकींना चिकटल्या असत्या तर आकडा फार खाली आला असता. बदलायला सांगितलेली गादी निर्दोष होती.

मग दोष कुठे? इथे ओहमचा नियम कामाला येतो. इंजिन चालू असताना गाडीत साधारण 14 व्होल्ट असतात. 14 ला 2.4 ने भागलं की 5.8 अँपिअर, आणि तापण्याची शक्ती सुमारे 81 वॅट. वायरमनने सीट जागेवर बसवली, सगळे कनेक्टर परत जोडले, बॅटरी जोडून इंजिन चालू केलं, सीटचं बटण दाबलं आणि हीटरच्या कनेक्टरमध्ये मागच्या बाजूने बारीक पिन सरकवली. हीटरला 10.8 व्होल्टच मिळत होते. म्हणजे 4.5 अँपिअर, 49 वॅट. उरलेले 3.2 व्होल्ट वाटेत कुठेतरी खर्च होत होते. पॉझिटिव्ह बाजू तपासली, ठीक. मग एक पिन हीटरच्या अर्थच्या वायरीला आणि दुसरी बॅटरीच्या निगेटिव्हला लावली. मीटरवर 3.2.

त्याने पायाखालचं कार्पेट उचललं. खाली ओल होती. गाडीच्या पत्र्याला जिथे अर्थची वायर बोल्टने आवळलेली असते, तो बोल्ट गंजाने तपकिरी झाला होता आणि वायरीचं टोक हिरवं पडलं होतं. मला त्याने बोट लावायला सांगितलं. बोल्ट चटका बसावा इतका गरम होता. हिशेब केला तर 3.2 व्होल्ट गुणिले 4.5 अँपिअर, म्हणजे 14 वॅटहून जास्त उष्णता त्या एका बोल्टवर निघत होती. रेडिओ दुरुस्तीचं 25 वॅटचं सोल्डरिंग आयर्न आठवा. त्याच्या निम्म्याहून जास्त. मामींच्या कंबरेचा शेक कार्पेटखाली गंज तापवत होता. कमी विद्युतधारा पाहून गाडीचा कंट्रोलर ‘काहीतरी बिघडलंय’ असं ठरवून हीटर बंद करत होता, आणि ते त्याचं बरोबरच होतं.

भोर-वेल्ह्यात हा दोष अपेक्षितच म्हणायला हवा. चार महिने पाऊस, चिखलाच्या पायांनी गाडीत बसणं, फ्लोअरमॅटखाली मुरलेलं पाणी. दुसरा शत्रू उंदीर. भात घरात आला की उंदीरही येतात, आणि अंगणात उभ्या गाडीच्या सीटमधला फोम त्यांना घरट्यासाठी आवडतो. वायरी कुरतडल्या जातात त्या तिथेच. तिसरं कारण आपली हौस: सीट कव्हर. जाड रेक्झिनचं कव्हर बसवताना सुई किंवा तारेची कडी आतल्या पॅडमधून आरपार जाते. शिवाय असं कव्हर बाजूच्या एअरबॅगची वाट अडवतं. गरम सीटच्या गाडीला ते बसवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

खरोखर तार तुटते ती बहुधा एकाच जागी: मागच्या सीटवर काही ठेवायला माणूस पुढच्या सीटवर गुडघा टेकतो, तिथे. तार पूर्ण तुटली तर सीट गार राहते, एवढंच. धोका असतो अर्धवट तुटण्यात. बारीक तारांच्या जुडग्यातले बरेच धागे तुटून दोन-तीनच उरले, की सगळी विद्युतधारा त्या दोन-तीन धाग्यांतून जाते आणि तेवढाच बिंदू लालबुंद होतो. कापडाला भोक पडतं, फोम धुमसतो. अशा वेळी नुसता ‘बीप’ वाजवणारा मीटर फसवतो. तो इतकी कमी वीज सोडतो की एक धागा शिल्लक असला तरी बीप वाजते. म्हणून रोध ओहममध्ये मोजावा आणि व्होल्टेज सीट चालू ठेवून, भार असताना मोजावं. गंजलेला बोल्टही बीपच्या परीक्षेत पास झाला असता.

सेन्सरची गोष्ट थोडक्यात. पॅडमध्ये उष्णता मोजणारा एक छोटा थर्मिस्टर असतो. तो तापला की त्याचा रोध घटतो. अनेक गाड्यांत 25 अंशांना तो 10 हजार ओहम असतो आणि 40 अंशांना साधारण निम्म्यावर येतो. सीटवर तळहात दाबून धरला आणि आकडा हळूहळू उतरला, की सेन्सर जिवंत आहे. जुन्या गाड्यांत त्याऐवजी इस्त्रीसारखी दोन धातूंची पट्टी असते, ती टिक् असा आवाज करून वीज तोडते.

काय दुरुस्त करावं आणि काय नाही, हे वायरमनने मामांना सांगितलं ते मला पटलं. कनेक्टरजवळ तुटलेली वायर जोडता येते, गंज काढता येतो, स्विच बदलता येतो. पण पॅडमधली तार जळून काळी झाली असेल तर तिथे गाठ मारू नये, पॅडच बदलावं. कारण नवी गाठ हाच पुढचा तापणारा बिंदू ठरतो. आणि फ्यूज उडतो म्हणून मोठा फ्यूज किंवा तांब्याची तार घालणं म्हणजे सीटला आग लावायची तयारी करणं.

त्याने बोल्ट काढला, पत्रा कानशीने चकचकीत केला, वायरीला नवं टोक दाबून बसवलं आणि सगळ्यावर व्हॅसलिनचा थर दिला. कार्पेट दिवसभर उन्हात वाळवलं. संध्याकाळी अर्थच्या बाजूला मीटर 0.1 व्होल्टच्या खाली होता आणि सीट चांगली तापली.

एक गोष्ट मात्र मीटरने कळत नाही, ती मी मामींना सांगितली, कारण त्यांना बारा वर्षांपासून मधुमेह आहे. मधुमेहात नसा बधिर होऊ शकतात आणि मग चटका कळत नाही. मॉरिट्झ आणि हेन्रिक्स या शास्त्रज्ञांनी 1947 मध्ये दाखवलं की 44 अंशांना सुमारे सहा तासांत त्वचा भाजते, आणि त्यापुढे 51 अंशांपर्यंत दर अंशाला हा वेळ जवळजवळ निम्मा होत जातो. थर्मिस्टर बिघडलेली सीट या तापमानाला सहज जाऊ शकते. कंबरेखाली संवेदना नसलेल्या माणसांना अशा सीटांवर गंभीर भाजल्याच्या घटना वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेल्या आहेत. तेव्हा घरात मधुमेही किंवा अर्धांगाचा रुग्ण असेल, तर गरम सीट सर्वांत खालच्या पातळीवर ठेवा, दहा मिनिटांनी बंद करा आणि घरी पोचल्यावर मांड्यांची व कंबरेची त्वचा एकदा पाहा. सीटवर एका जागी डाग किंवा करपल्याचा वास आला, तर त्या दिवसापासून तिचा फ्यूज काढून ठेवा.