जुन्या आठशेचे सुटे भाग
डिसेंबर १९८३मध्ये आलेली पहिली मारुती ८०० म्हणजे मुळात सुझुकीची ‘एसएस ८०’. इंजिनाची फारशी चिंता नको. ७९६ सीसीचं, तीन सिलिंडरचं त्याच घराण्यातलं इंजिन ओम्नीत २०१९पर्यंत बसत होतं. पिस्टन, रिंगा, गॅस्केट अजून मिळतात. दमछाक होते ती काच, टेललाइट आणि दाराच्या रबरापायी, कारण १९८६मध्ये बॉडीच बदलली. झिजलेला बुश मात्र कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात लेथवर कातून मिळतो. जुना तुकडा फेकू नका, मिस्त्री आधी नमुनाच मागतो. कौतुकानं ‘व्हिंटेज’ म्हणा हवं तर. सरकारी नियमात त्यासाठी ५० वर्षं भरावी लागतात. ‘व्हीए’ मालिकेचा नंबर इतक्यात नाही!