मेघांतील कारखाना

अहिल्यानगर जिल्ह्यात प्रवरा नदीच्या परिसरात उसाचे मळे आहेत. पूर्वी तेथील शेतकरी गुऱ्हाळे लावून गूळ करीत. चरक, काहील, बैल, जळण अशी सारी सिद्धता करावी लागे. आणि हंगाम सरला की चरक व काहील पडून राहत. पुढे विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकाराने व अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या मार्गदर्शनाने प्रवरानगर येथे सहकारी साखर कारखाना उभा राहिला. 1950-51 च्या हंगामात त्याचे गाळप सुरू झाले. अनेकांचा ऊस एकाच मोठ्या यंत्रात जाऊ लागला.

संगणकाच्या जगातही असेच स्थित्यंतर घडले. संगणकाने काम कसे करावे हे सांगणाऱ्या सूचनांच्या संचास आज्ञावली म्हणतात. अशा आज्ञावली तयार करणारी मायक्रोसॉफ्ट ही कंपनी बिल गेट्स व पॉल ॲलन यांनी 1975 मध्ये अमेरिकेत स्थापन केली. ही कंपनी आपल्या आज्ञावली तबकड्यांवर भरून, खोक्यांत घालून विकी. ज्याला हवी त्याने ती विकत घ्यावी व आपल्या संगणकावर चालवावी, अशी रीत होती. म्हणजे ज्याचे त्याचे गुऱ्हाळ निराळे!

या रीतीला दोन गोष्टींनी धक्का दिला. पहिली गोष्ट आभासीकरण. प्रशस्त वाड्यात अनेक बिऱ्हाडे आपापले दार लावून नांदतात. त्याप्रमाणे एकाच शक्तिमान संगणकात अनेक आभासी संगणक स्वतंत्रपणे काम करू शकतात. दुसरी गोष्ट मेघसंगणन, म्हणजेच क्लाउड. हे मेघ आकाशात नसतात. हजारो संगणक ठेवलेल्या इमारती जमिनीवरच उभ्या असतात. त्या संगणकांची शक्ती इंटरनेटद्वारे दूरच्या माणसाला मिळते व वापराप्रमाणे भाडे द्यावे लागते. ॲमेझॉन कंपनीने 2006 मध्ये अशी सेवा भाड्याने देण्यास आरंभ केला.

मायक्रोसॉफ्टपुढे मोठा पेच पडला. भाड्याची सेवा सुरू करावी, तर खोक्यांची विक्री घटणार. न करावी, तर गिऱ्हाइके दुसऱ्याच्या दारी जाणार. कंपनीने पहिला मार्ग पत्करला. 2008 मध्ये तिने आभासीकरणाची स्वतःची आज्ञावली बाजारात आणली आणि 2010 मध्ये ‘ॲझ्युअर’ ही मेघसेवा खुली केली. 2012 मध्ये तर लिनक्स या प्रतिस्पर्धी प्रणालीलाही तीत जागा दिली. बिऱ्हाडकरूंच्या घरात कोणाची भांडी आहेत, हे पाहून वाड्याच्या मालकाचे कसे चालेल? हैदराबाद येथे जन्मलेले सत्या नडेला 2014 मध्ये कंपनीचे प्रमुख झाले. पूर्वी मेघसेवेचाच विभाग सांभाळणाऱ्या नडेलांनी हे धोरण नेटाने पुढे नेले. 2015 मध्ये अहिल्यानगरच्या शेजारी पुण्यात, तसेच मुंबई व चेन्नई येथे कंपनीची मेघकेंद्रे सुरू झाली.

तथापि एक भेद ध्यानी घेतला पाहिजे. प्रवरानगरच्या कारखान्याचे मालक ऊस घालणारे सभासदच होत. मेघांतील कारखान्याची मालकी मात्र कंपनीची असते. तेथे सारे भाडेकरू. भाड्याने खर्च वाचतो, यंत्रे सांभाळण्याची दगदग टळते, हे खरे. परंतु उद्या भाडे वाढले किंवा इंटरनेट खंडित झाले तर काय करावे, आपली माहिती कोठे व कोणाच्या हाती आहे, याचा विचार ज्याचा त्यानेच करावयाचा असतो. तो विचार मात्र भाड्याने मिळत नाही.