मेंदूच्या वेष्टनाचा दाह

नेकनूरच्या बाजारात भेटणाऱ्या धडधाकट माणसांतही काहींच्या नाकाघशात न्यूमोकोकस, मेनिंगोकोकस, हिब हे जंतू असतात. बहुतेकांना त्यांची बाधा होत नाही. क्वचित मात्र ते रक्तात शिरून मेंदूच्या वेष्टनापर्यंत पोचतात आणि तिथे दाह होतो. रोग तसा विरळाच. पण झाला की सहांत एक रोगी दगावतो, आणि वाचलेल्या पाचांत एकाला बहिरेपणासारखे व्यंग राहते. मूल तापाने फणफणले, मान ताठली, तान्ह्याची टाळू फुगली, तर ‘बाहेरचं झालंय’ म्हणून अंगारा लावीत बसू नका. तासातासाचे मोल आहे, दवाखाना गाठा. आणि दीड महिन्यापासूनच्या लशी चुकवू नका. हिबची लस त्यांतच असते. न्यूमोकोकसचीही २०२१ पासून देशभर फुकट मिळते.