कर्सरच्या अंगात येतं तेव्हा...

लॅपटॉपचा कर्सर मनाला येईल तिथे उड्या मारतोय? नवा लॅपटॉप शोधायच्या आधी पाच मिनिटं काढा. चोर कदाचित लॅपटॉपमध्ये नसेलच, तुमच्या घराच्या भिंतीत असेल!

एप्रिल महिना म्हणजे गावची जत्रा. पारनेर तालुक्यातल्या आमच्या गावी त्या दिवसांत जायचं म्हणजे जायचंच. पण ऑफिसच्या कॅलेंडरवर जत्रेची सुट्टी कुठून असणार? मग काय, 'वर्क फ्रॉम होम' टाकलं, लॅपटॉप सॅकमध्ये कोंबला आणि पुण्याहून निघाले. सुप्याहून आत वळले तेव्हा एकदम सही मूड होता.

दुसऱ्या दिवशी साडेअकराला क्लायंटचा कॉल. माजघरात टेबल मांडलं, भिंतीतल्या एकुलत्या एका सॉकेटला चार्जर लावला, स्क्रीन शेअर केली... आणि कर्सर उधळला! डावीकडे न्यावा तर उजवीकडे पळतोय, पान आपोआप मोठं होतंय, मध्येच कुठला तरी मेनू उघडतोय. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत त्याने शीटमधली आकड्यांची अख्खी ओळ उचलून भलतीकडेच नेऊन टाकली. क्लायंट गप्प. बॉसचा मेसेज : 'सगळं ठीक आहे ना?' बाहेर ढोल-ताशा टिपेला पोचलेला. चुलत भाऊ दारातून डोकावला आणि म्हणाला, "ताई, तुझ्या कर्सरच्या पण अंगात आलं वाटतं!"

हसू नका. तुमच्याही बाबतीत हे कधी ना कधी झालेलं असणार. माझा तो आठवडा या भुताचा माग काढण्यातच गेला. रीस्टार्ट करून पाहिलं, ड्रायव्हर अपडेट करून पाहिला, ढिम्म फरक नाही. संध्याकाळी नगरला (म्हणजे आताचं अहिल्यानगर, २०२४ मध्ये नाव बदललं, तोंडातली सवय मात्र जाता जात नाही) सावेडीत मावशीकडे गेले. तिथे तोच लॅपटॉप, तोच चार्जर आणि कर्सर गोगलगायीसारखा गरीब! रात्री गावी परत आले, तर पुन्हा धिंगाणा. म्हणजे भूत लॅपटॉपमध्ये नव्हतं, जागेत होतं. पण जागेचा आणि कर्सरचा संबंध काय?

टचपॅडला बोट कळतं कसं?

टचपॅडला दाब कळतो असं आपल्याला वाटतं. खरं तर त्याला कळते ती वीज. पॅडच्या पृष्ठभागाखाली अगदी बारीक इलेक्ट्रोडची जाळी असते. आपलं शरीर विजेचं वाहक, त्यामुळे बोट जवळ आलं की त्या जागेची विद्युतधारकता जराशी बदलते. पॅडमधली चिप सेकंदाला कितीतरी वेळा ही जाळी तपासते आणि बोट कुठे आहे याचा हिशोब मांडते. १९९४ मध्ये ॲपलच्या पॉवरबुक ५०० मालिकेत ट्रॅकपॅड आला तेव्हापासून दिमाख खूप बदलला. दोन बोटांनी स्क्रोल आलं, तीन बोटांच्या करामती आल्या. पण मूळ फंडा हाच.

गोम अशी की हा बदल फार म्हणजे फारच सूक्ष्म असतो. मेथीची जुडी तोलताना तराजूच हलत असेल तर वजन काय कळणार? तसंच इथे. ओलावा, तेल किंवा विजेची खरखर मध्ये आली की चिप गोंधळते. एका बोटाची तिला तीन बोटं दिसतात आणि कर्सर नाचायला लागतो.

पाच मिनिटांचा तपास

१. हात धुवा! चिवड्याचा तेलकटपणा, घाम, हँडक्रीम यातलं काहीही पुरेसं आहे. लॅपटॉप बंद करून पॅड मऊ, किंचित ओलसर फडक्याने पुसा आणि कोरडा करा. पाणी थेट फवारू नका.

२. चार्जर काढा. बॅटरीवर कर्सर शहाण्यासारखा वागला आणि चार्जर लावताच बिथरला, तर संशय चार्जरवर किंवा सॉकेटवर. माझ्या लॅपटॉपची चोरी इथेच पकडली गेली. ती गोष्ट पुढे सांगतेच.

३. सॅकमध्ये बघा. वायरलेस माऊसचा डोंगल लॅपटॉपला लावलेला असतो आणि माऊस सॅकमध्ये टिफिनखाली दबून क्लिक करत बसलेला असतो. टचस्क्रीन असेल तर तिच्यावरचा डाग किंवा तडाही कर्सरला ओढत नेऊ शकतो.

४. टचपॅड बंद करून साधा यूएसबी माऊस जोडा. कर्सर तरीही आपोआप पळत असेल तर टचपॅड निर्दोष आहे, दुसरा आरोपी शोधा. की-बोर्डच्या मधोमध लाल टिकलीसारखी दांडी असलेला लॅपटॉप असेल आणि कर्सर एकाच दिशेला सरकत राहिला, तर काही सेकंद कशालाही हात लावू नका. बहुतेक वेळा ती स्वतःच भानावर येते.

५. सेटिंग्ज तपासा. टाइप करताना तळहात टेकून कर्सर उडत असेल तर विंडोजच्या टचपॅड सेटिंगमध्ये संवेदनशीलता एक पायरी कमी करा. अपडेटनंतरच त्रास सुरू झाला असेल तर डिव्हाइस मॅनेजरमधून जुना ड्रायव्हर परत आणता येतो.

इथे मात्र मस्करी नको

पॅड एका बाजूने उचलला गेलाय? क्लिक एकदम कडक झालंय किंवा होतच नाही? टेबलावर लॅपटॉप डुगडुगतो, झाकण नीट मिटत नाही? मग ही सेटिंगची भानगड नाही. बऱ्याच लॅपटॉपमध्ये बॅटरी टचपॅडच्या खाली किंवा शेजारी असते. लिथियमची बॅटरी बिघडली की आत वायू साचून ती फुगते आणि पॅडला खालून ढकलते. अशा वेळी लॅपटॉप बंद करा आणि चार्जिंगला मुळीच लावू नका. पॅड दाबून बसवायला जाऊ नका, बॅटरी टोचू नका. ती पेट घेऊ शकते. सरळ सर्व्हिस सेंटर गाठा. काढलेली बॅटरी कचऱ्याच्या डब्यात टाकू नका, ई-कचरा घेणाऱ्यांकडेच द्या. 'अप्रेझलनंतर बघू' हा विचार इथे महागात पडेल.

आणि चोर सापडला

माझं घोडं अडलं होतं दुसऱ्या मुद्द्यावर. चार्जर काढला की कर्सर गुणी, लावला की बेभान. शिवाय चार्जर लावलेला असताना लॅपटॉपच्या धातूच्या कडेवरून मनगट फिरवलं की बारीक मुंग्या यायच्या. शेवटी गावातल्या वायरमनकाकांना बोलावलं. त्यांनी टेस्ट लॅम्पची एक वायर फेजला लावली, दुसरी सॉकेटच्या वरच्या मोठ्या भोकात. दिवा लागलाच नाही. काका म्हणाले, "ताई, लॅपटॉपला काय नाय झालं. घरालाच अर्थिंग नाय."

थ्री-पिनची ती जाडजूड, लांब पिन शोभेची नसते. ती आधी जोडली जाते आणि शेवटी सुटते, म्हणजे उपकरणात वीज आहे तोवर त्याचं नातं जमिनीशी असतं. चार्जरच्या आत खरखर गाळणारे काही कपॅसिटर असतात. अर्थिंग असेल तर त्यांच्यातून झिरपणारी किंचित वीज जमिनीत जाते. नसेल तर ती लॅपटॉपच्या अंगावरच तरंगत राहते. २३० व्होल्टच्या जवळजवळ निम्मा दाब, पण करंट नगण्य, म्हणून नुसत्या मुंग्या. आपण बोट टेकवलं की ही सगळी खरखर बोटाच्या वाटेने टचपॅडला जाऊन भिडते. कर्सर नाचतो तो असा. दोन पिनांचा चार्जर पेनाचं टोपण खुपसून थ्री-पिन सॉकेटमध्ये बसवणाऱ्यांनो, तुम्हालाही हेच लागू!

मग अर्थिंग गेलं कुठे? काकांनी अंगण पाहिलं. जुन्या वायरिंगच्या वेळी मीटरजवळ खड्डा खणून कोळसा आणि मीठ भरून अर्थिंग केलेलं होतं. मागे अंगणात फरशी बसवली तेव्हा त्याची वायर तुटली आणि खड्डा गाडला गेला. कुणाच्या लक्षातही आलं नाही. त्यात आमचा पारनेर तालुका अवर्षणाचा. माती कोरडी पडली की तिचा विरोध वाढतो, वीज जमिनीत उतरत नाही. म्हणून तर जुने लोक उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओतायचे.

हे सगळं चाललेलं असताना आजी सहज म्हणाली, "मग त्या फ्रीजचं पण बघा की. त्याला दोन वर्सं झाली, करंट येतोय."

मी थिजलेच. आमच्या स्वयंपाकघरात फ्रीजसमोर कायम एक लाकडी पाट असतो. फ्रीज उघडायचा तर पाटावर उभं राहूनच, हा घरचा नियम. मला वाटायचं, आजीचा हात वरच्या कप्प्यापर्यंत पोचत नाही म्हणून असेल! लॅपटॉपच्या मुंग्या परवडल्या, पण फ्रीजच्या आतली वायर कुठे सोलवटून पत्र्याला टेकली असती, तर ओल्या हाताने आणि अनवाणी फ्रीज उघडणारीचं काय झालं असतं?

चार दिवसांत नवं अर्थिंग झालं. मीटरजवळ ३० मिलिअँपिअरचं ईएलसीबी बसलं, म्हणजे वीज नको तिथे झिरपली की सप्लाय क्षणात बंद. फ्रीजही दुरुस्त झाला. हे काम स्वतः करायचं नाही, जाणकार वायरमनकडूनच करून घ्यायचं. आणि "न्यूट्रललाच जोडून देतो की अर्थिंग" म्हणणाऱ्याला चहा पाजून परत पाठवायचं. न्यूट्रल कुठे तुटला तर अख्ख्या उपकरणाच्या अंगात वीज येते.

क्लायंटला सॉरीचा मेल गेला, शीट नीट झाली, बॉसही विसरला. कर्सर आता माजघरातही शिस्तीत चालतो. पाट मात्र अजून फ्रीजसमोरच आहे. आजी म्हणते, "ऱ्हाऊ दे, सवय झालीये." आता तिचा हात खरंच वरच्या कप्प्यापर्यंत पोचत नाही.

तेव्हा मंडळी, पुढच्या वेळी गावी गेल्यावर तुमचा कर्सर बिथरला, तर आधी चार्जर काढून बघा. तो शांत झाला, तर घरातल्या मोठ्या माणसांना एकच प्रश्न विचारा : फ्रीजला करंट येतो का?