नाव आले, पण नोंदले कोठे?

कार्यक्रम सुरू असताना कलाकार टॅब्लेटवरील एक पट्टी खाली सरकवतो आणि संगणकातून वाजणारा तानपुरा मंद होतो. या दोहोंच्या मध्ये एक छोटासा संदेश धावलेला असतो. त्या संदेशाचे नाव घेणाऱ्याला ओळखता आले नाही, तर पट्टी सरकते, तानपुरा मात्र तसाच वाजत राहतो. आणि चूक शोधण्याची ती वेळ नसते.

१९८३ पासून रूढ झालेल्या मिडी पद्धतीत हा प्रश्न निराळ्या रूपात होता. तेथे नियंत्रणांना नावे नाहीत, ० ते १२७ असे क्रमांक आहेत. सातवा क्रमांक आवाजाच्या पातळीचा, हे संकेताने ठरलेले. बरेचसे क्रमांक ज्याने त्याने आपल्या सोयीने वापरायचे. अमेरिकेतील बर्कली येथे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संगीत-तंत्रज्ञान केंद्रात मॅट राइट आणि एड्रियन फ्रीड यांनी १९९७ मध्ये ‘ओपन साउंड कंट्रोल’ म्हणजे ओएससी ही पद्धत मांडली आणि क्रमांकाच्या जागी नाव आले. हे नाव टपालाच्या पत्त्यासारखे तिरक्या रेघांनी तोडलेले असते: ‘/तानपुरा/पातळी’. (प्रत्यक्षात ते रोमन लिपीत लिहावे लागते. २००२ च्या प्रमाणात नावांसाठी केवळ आस्की अक्षरे मान्य आहेत. देवनागरीला तेथे जागा नाही.)

नावे कोणती ठेवावीत, हे पाठवणाऱ्याच्या मर्जीवर. हीच या पद्धतीची श्रीमंती आणि हीच तिची अडचण. ‘तुझ्याकडे कोणकोणती नावे आहेत?’ असे विचारण्याची सोय मूळ प्रमाणात नाही. ओएससीक्वेरीसारखे प्रस्ताव पुढे आले, पण प्रत्येक उपकरण ते पाळत नाही. म्हणून घेणाऱ्या आज्ञावलीने कान देऊन बसायचे आणि येईल ते नाव टिपायचे, हाच व्यवहार्य मार्ग उरतो. सुपरकोलायडरमध्ये ‘ओएससीफंक’ची ट्रेस सोय येणारा प्रत्येक संदेश पडद्यावर दाखवते, मात्र दाखवणे म्हणजे साठवणे नव्हे.

साठवताना पहिला अडथळा पुनरुक्तीचा. पट्टी एकदा सरकवली की त्याच नावाचे अनेक संदेश पाठोपाठ येतात. ते साध्या यादीत ओतले, तर क्षणार्धात यादी निरुपयोगी होते. त्यासाठी संच हवा. सुपरकोलायडरमधील ‘सेट’ एकच नाव दुसऱ्यांदा स्वीकारत नाही, पण नावे कोणत्या क्रमाने आली हेही तो जपत नाही. शेवटचे मूल्यही हवे असेल, तर नाव ही किल्ली आणि मूल्य हा ऐवज अशी ‘डिक्शनरी’ अधिक सोयीची. मॅक्समध्ये हेच काम ‘कोल’ करते, आणि ते मजकुराच्या फाइलीत उतरवून पुढच्या वेळी पुन्हा उघडता येते. अक्षरांची लहान-मोठी रूपे येथे भिन्न नावे मानली जातात. रोमन लिपीतील एका मोठ्या अक्षराने एकाच पट्टीच्या दोन नोंदी होतात.

दुसरा धोका सहसा कोणी सांगत नाही. मिलर पकेट यांच्या प्युअर डेटामध्ये एकदा आलेले चिन्हरूप नाव अंतर्गत कोष्टकात कायमचे बसते; आज्ञावली बंद होईपर्यंत ते पुसले जात नाही. नावे मोजकी असतील तोवर काही बिघडत नाही. परंतु एखाद्या उपकरणाने बदलता आकडा मूल्यात न पाठवता नावातच गुंफला, तर प्रत्येक संदेश नवे नाव ठरतो आणि स्मृती निमूटपणे भरत जाते. दोन तासांच्या मैफलीसाठी कदाचित चालेल. महिनाभर चालणाऱ्या ध्वनिप्रदर्शनासाठी नाही. नोंदींना कमाल मर्यादा घालणे आणि आकडा नावाबाहेर काढणे, हे दोन्ही उपाय करावेत.

नावात तारका किंवा प्रश्नचिन्ह असेल, तर ते नाव नसून अनेक पत्त्यांना एकदम हाक मारणारा साचा असतो. तो नोंदवहीत घेऊ नये.

एक मर्यादा मात्र कोणत्याही युक्तीने टळत नाही. न हलवलेली पट्टी सहसा संदेशच पाठवत नाही, म्हणून तिचे नाव यादीत येत नाही. यासाठी तालमीच्या वेळी नोंदणी चालू ठेवून प्रत्येक पट्टी आणि प्रत्येक बटण एकदा तरी हाताळावे, यादी फाइलीत जतन करावी आणि नोंदणी बंद करावी. प्रयोगाच्या वेळी आज्ञावलीने त्या फाइलीतील नावेच ओळखावीत. अनोळखी नाव आले तर ते वेगळ्या ओळीत दाखवावे, जेणेकरून ध्वनिसंयोजकाला ते चटकन दिसेल.