झीलाटेकला मराठी येते, पण सांगावे लागते

झीलाटेक हा अक्षरजुळणीचा प्रोग्राम संगणकावर बसवून पहिली मराठी फाइल चालवली की अनेकांना सारखाच अनुभव येतो. टर्मिनलमध्ये आज्ञा दिली, ओळी सरसर वर गेल्या, पीडीएफ तयार झाली आणि उघडून पाहिले तर पान जवळजवळ कोरे. इंग्रजी शब्द जागच्या जागी, मराठी तेवढी गायब. ‘या प्रोग्रामला मराठी येतच नाही’ हा गैरसमज इथेच पक्का होतो आणि माणूस परत वर्डकडे वळतो.

खरे कारण साधे आहे. वेगळे काही सांगितले नाही तर झीलाटेक ‘लॅटिन मॉडर्न’ हा फॉन्ट वापरतो आणि त्यात देवनागरीचे एकही अक्षर नाही. प्रोग्रामने तुमचा मजकूर नीट वाचला, एकेक अक्षर फॉन्टमध्ये शोधले, सापडले नाही म्हणून जागा सोडून तो पुढे गेला. हे त्याने लपवलेलेही नसते. पीडीएफच्या शेजारी जी लॉग फाइल तयार होते, तिच्यात हुकलेल्या प्रत्येक अक्षराची ‘मिसिंग कॅरॅक्टर’ अशी नोंद असते. फाइलच्या सुरुवातीला देवनागरी फॉन्ट नेमणारी एक ओळ घाला, पान भरते.

दुसरा समज जुना आहे: टेक म्हणजे गणिताच्या पेपरांसाठी, तेही इंग्रजीतल्या. एके काळी यात तथ्य होते. स्टॅनफर्ड विद्यापीठातले डोनल्ड नूथ यांना १९७७ साली आपल्याच पुस्तकाच्या नव्या आवृत्तीची प्रुफे पाहून वाईट वाटले आणि त्यांनी स्वतःच अक्षरजुळणीचा प्रोग्राम लिहायला घेतला. तो टेक. त्याच्या एका फॉन्टमध्ये फार तर २५६ अक्षरे मावत. देवनागरीतली जोडाक्षरे तेवढ्यात बसवणे म्हणजे कसरतच. १९९१ मध्ये फ्रान्स वेल्टहाउस यांनी ती करून दाखवली, पण त्यात मजकूर रोमन लिपीत टाइप करावा लागे आणि आधी वेगळ्या प्रोग्रामातून काढावा लागे. २००४ मध्ये झीलाटेकच्या मुळाशी असलेला जोनाथन क्यू यांचा झीटेक आला, आधी फक्त मॅकवर, २००६ मध्ये लिनक्सवर, मग विंडोजवर. तो युनिकोड थेट वाचतो आणि संगणकावर असलेला कोणताही ओपनटाइप फॉन्ट वापरतो. म्हणजे हा आक्षेप वीस वर्षांपूर्वीच निकाली निघाला आहे.

कमांड लाइनची भीतीही अशीच. आज्ञा दोन शब्दांची असते: प्रोग्रामचे नाव आणि फाइलचे नाव. चूक झाली तर ती कितव्या ओळीत आहे हे प्रोग्राम सांगतो. अनुक्रमणिका रिकामी दिसली तर काही बिघडलेले नसते. पहिल्या खेपेला पृष्ठांक टिपले जातात आणि दुसऱ्या खेपेला छापले जातात, म्हणून आज्ञा दोनदा द्यायची. एवढे जमायला प्रोग्रामर असावे लागत नाही.

मला सगळ्यात जास्त नुकसान करणारा वाटतो तो गैरसमज मात्र वेगळाच: युनिकोड फॉन्ट घातला म्हणजे मराठी आपोआप बिनचूक येते. येत नाही. झीलाटेकला तीन गोष्टी सांगाव्या लागतात: फॉन्ट कोणता, लिपी कोणती आणि भाषा कोणती. लिपी देवनागरी आहे हे सांगायचे राहिले तर फॉन्ट कितीही चांगला असो, ‘विद्यार्थी’ या शब्दातली ऱ्हस्व वेलांटी भलत्या अक्षराला चिकटते, ‘द्या’ फुटतो आणि रफार वर न चढता ‘र’ला हलंत लागून खालीच बसतो.

भाषेचे कारण त्याहून बारीक आहे. मराठी पुस्तकातला ‘ल’ आणि हिंदी पुस्तकातला ‘ल’ शेजारी ठेवून पाहा. हिंदीतल्याला उजवीकडे उभा दंड असतो, मराठीतला शिरोरेषेला मधोमध लोंबतो. ‘श’चे वळणही दोन्हींत वेगळे. युनिकोडमध्ये मात्र दोन्हींचा क्रमांक एकच. काही फॉन्टांमध्ये दोन्ही वळणे असतात आणि भाषा मराठी आहे असे सांगितले तरच मराठी वळण बाहेर येते. काही वेळा वळणानुसार फॉन्टच निराळे करतात. टायरो देवनागरी हा मराठी, हिंदी आणि संस्कृत अशा तीन रूपांत मिळतो. मराठी पुस्तकात हिंदी वळणाचा ‘ल’ छापला गेला तर वाचणाऱ्याचे अडत नाही, हे मान्य. पण शंभर-दीडशे वर्षे मराठी छपाईत घोटून घेतलेले वळण केवळ एक शब्द लिहायचा राहिला म्हणून जाऊ द्यावे, हे मला पटत नाही.

आणि जे प्रोग्रामच्या हातात नाही, ते नाही. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांत एक विद्वान आहे, दुसरा स्वयंपाकी. पहिल्यात ‘र’ला हलंत जोडून रफार होतो, दुसऱ्यात नुक्त्याच्या ‘ऱ’ला हलंत जोडून चंद्रकोरीसारखा अर्धा र. टाइप करतानाच चुकीचा ‘र’ पडला तर कोणताही प्रोग्राम तो ओळखणार नाही.

अनेक भाषांचे पान म्हटले की मला मराठेशाहीच्या इतिहासाचे पुस्तक आठवते. एकाच पानावर मोडी पत्रातली ओळ, तिचे बाळबोध लिप्यंतर, फर्मानातले फारसी शब्द आणि तळटीपेत इंग्रजी संदर्भ. अशा पानासाठी फारसी आणि मोडीची चित्रे करून चिकटवावी लागतात, असे अजूनही सांगितले जाते. गरज नाही. मोडी २०१४ मध्ये युनिकोडच्या ७.० आवृत्तीत आली आणि नोटो मालिकेत तिचा फॉन्ट आहे. फारसीच्या तुकड्याला फारसी म्हणून खूण केली की तो उजवीकडून डावीकडे लागतो, अक्षरे आपसांत जोडली जातात. खुणा एकदा ठरवल्या की तीनशे पानांत प्रत्येक फारसी शब्द त्याच फॉन्टात, त्याच आकारात येतो. पुढे फॉन्ट बदलावासा वाटला तर एक ओळ बदलायची. हाताने पाने लावणाऱ्याला हे काम किती दिवसांचे, ते त्यालाच विचारा.

भाषा सांगण्याचा फायदा ओळ तोडतानाही होतो. नूथ आणि मायकेल प्लास यांनी १९८१ मध्ये मांडलेली टेकची पद्धत एकेक ओळ भरत न जाता सबंध परिच्छेद एकत्र पाहून ओळी कुठे तोडायच्या ते ठरवते. मराठीचे शब्द प्रत्यय लागून लांबतात. ‘विद्यार्थ्यांसाठीच्या’ हा शब्द अरुंद रकान्यात तुटला नाही तर आधीच्या ओळीत भगदाडे पडतात. मराठीचे शब्द तोडण्याचे नियम झीलाटेक ज्यातून मिळतो त्या टेक लाइव्ह संचात आहेत, जोडाक्षर मधोमध न फोडता ते शब्द तोडतात. पण मजकूर मराठी आहे हे सांगितले असेल तरच ते लागू होतात.

उलट बाजूचाही एक गैरसमज दूर करायला हवा. युनिकोडमधून केलेली पीडीएफ म्हणजे तिच्यातला मजकूर नेहमी जसाच्या तसा कॉपी होणार, असे नाही. वेलांट्या आणि रफार जागा बदलतात, जोडाक्षरे हरवतात, शोध घेतला तर शब्द सापडत नाही. म्हणून पीडीएफबरोबर मूळ टेक्स्ट फाइलही जपून ठेवायची, आणि लेखकाने ती प्रकाशकाकडे मागून घ्यायची. तसेच जाहिरात, मुखपृष्ठ किंवा चित्रांभोवती मजकूर फिरणारे दिवाळी अंकाचे पान करायचे असेल तर झीलाटेकच्या मागे लागू नका. तिथे इनडिझाइन किंवा स्क्रायबसच बरे. कोश, सटीप आवृत्त्या, प्रबंध, व्याकरणाची पुस्तके ही त्याची खरी कामे.

झीलाटेकसाठी काहीच विकत घ्यावे लागत नाही. टेक लाइव्ह मोफत उतरवून घेता येते आणि चांगले देवनागरी फॉन्टही मोफत आहेत. फक्त छापखान्यात पीडीएफ पाठवण्याआधी लॉग फाइल उघडा आणि ‘मिसिंग कॅरॅक्टर’ हे शब्द तिच्यात कुठे आहेत का, ते शोधा. एकदा जरी सापडले, तरी तुमच्या पुस्तकातले एक अक्षर छापायचे राहील.